मोठी टेस्ला कॉइल: आधी फ्रिक्वेन्सी ठरवा, मग पाइप कापा

टेस्ला कॉइल म्हणजे हवेत लांब ठिणग्या सोडणारं यंत्र. मोठ्या कॉइलची फ्रिक्वेन्सी हाताशी असलेल्या आयजीबीटीवरून, म्हणजे प्रवाह चालू-बंद करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचवरून ठरते. ७० किलोहर्ट्झला अर्ध्या आवर्तनात साधारण ७ मायक्रोसेकंद मिळतात, २०० ला जेमतेम अडीच. मोठं ब्रिक मॉड्यूल (विटेसारखा ठोकळेबाज आयजीबीटी) बंद व्हायलाच अर्धा ते एक मायक्रोसेकंद खातं. २०० वर ते प्रवाह वाहत असतानाच तोडू लागतं, तापतं आणि शेवटी फुटतं. टीओ-२४७ या छोट्या आकाराचे आयजीबीटी तिथे चालतात, पण मोठ्या कॉइलचे शेकडो अँपिअर त्यांना झेपत नाहीत.

म्हणून लक्ष्य ७० धरू. सेकंडरीसाठी, म्हणजे ठिणगी सोडणाऱ्या उंच गुंडाळीसाठी, ३१५ मिमी पीव्हीसी पाइपवर १८ एसडब्ल्यूजी (तारेच्या जाडीचं माप) एनॅमल तारेचे १००० वेढे घाला: उंची १३२ सेंमी, तार जवळपास एक किलोमीटर, तांबं साडेदहा किलो, इंडक्टन्स ६७ मिलिहेन्री. वर ९० × २० सेंमी टोरॉइड (मेदूवड्याच्या आकाराचं धातूचं कडं) ठेवला तर हिशेबाने ७८ किलोहर्ट्झ येतात, १२० × ३० ठेवला तर ७०. फ्रिक्वेन्सी उतरवायची तर टोरॉइडच मोठा करा. त्याच उंचीत निम्म्या जाडीच्या तारेचे दुप्पट वेढे घातले तर ती निम्मी होते खरी, पण डीसी रोध आठपट वाढतो. प्रत्यक्ष आकडा हिशेबापेक्षा थोडा वरच येतो, तेव्हा सिग्नल जनरेटर लावून मोजाच.

प्रायमरीला, म्हणजे खालच्या सपाट गुंडाळीला, एसीच्या ३/८ इंची तांब्याच्या नळीचा १५ मीटरचा एक रोल पुरतो. आतली त्रिज्या २३ सेंमी, दोन वेढ्यांत मध्यापासून मध्यापर्यंत २ सेंमी, असे साडेसात सपाट वेढे. कपॅसिटर ०.१५ मायक्रोफॅरड, २००० व्होल्टचे, पॉलिप्रॉपिलीन पल्स प्रकारचे. सहा सिरीजमध्ये, अशा सहा ओळी समांतर, एकूण ३६. म्हणजे सगळ्यांची मिळून बँकही ०.१५ चीच राहते, क्षमता १२ किलोव्होल्ट. ६०० अँपिअरला तिच्यावर सुमारे १० किलोव्होल्ट चढतात, म्हणून करंट लिमिट त्याच्या वर नेऊ नका.

टॅप, म्हणजे प्रायमरीवर तार जोडायची जागा, मात्र ७० ला लावायचा नाही. ठिणगी स्वतःच कपॅसिटन्स वाढवते आणि सेकंडरी खाली सरकते. सुरुवात ६५ पासून करा, म्हणजे ४० मायक्रोहेन्री, सातव्या वेढ्याच्या जरा अलीकडे. हाच टॅप ७० वर ठेवला की ठिणगी आखूड राहते आणि लोक उगाच ड्रायव्हरला (आयजीबीटी चालवणाऱ्या सर्किटला) दोष देतात.

गोव्यात खरी डोकेदुखी अर्थिंगची. जांभ्याच्या सड्यावर सळई शिरत नाही, आणि एप्रिल-मेत माती कोरडी पडून रोध वाढतो. कॉइलखाली जीआय जाळी अंथरून सेकंडरीचं खालचं टोक तिला जोडा. घराच्या अर्थिंगला हे टोक कधीही जोडू नका, नाहीतर घरातली उपकरणं जातील. पाइप वाळवून वार्निशचे हात जूनआधी द्या. दमट पाइपवर वार्निश मारलं तर ओल आतच अडकते आणि वेढ्यांवरून काळी रेघ जळत जाते. रेघ नसतानाही वेढ्यांवर ठिणग्या धावू लागल्या तर कपलिंग (प्रायमरी-सेकंडरीची चुंबकीय जोड) जास्त आहे, सेकंडरी दोन सेंमी वर उचला.