कुत्र्यांना बांधून ठेवण्यावर बंधन घालणारा नियम मागण्याआधीची तयारी

कुत्र्यांना बांधून ठेवण्यावर मर्यादा घालणारा नियम आपल्या शहराने करावा असं वाटत असेल, तर अर्ज लिहायला बसण्याआधी आज कोणता कायदा लागू आहे ते शोधून काढा. देशाचा कायदा, राज्याचा कायदा आणि शहराचे उपविधी, म्हणजे पालिकेचे स्थानिक नियम, हे तिन्ही वाचा, कारण बऱ्याचदा वरच्या कायद्यात एखादं कलम आधीपासून असतं आणि ते कुणी वापरत नसतं. भारतातल्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११ व्या कलमाप्रमाणे अवाजवी आखूड किंवा अवाजवी जड साखळीने जनावर अवाजवी वेळ बांधून ठेवणं हा गुन्हा आहे. नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणं हाही गुन्हाच आहे. पण अवाजवी म्हणजे किती फूट, किती किलो, किती तास, हे कलम सांगत नाही, आणि पहिल्या गुन्ह्याचा दंड १० ते ५० रुपये आहे. तपासायला आलेल्या माणसाला मालक म्हणतो, 'मला तर हे वाजवी वाटतं,' आणि प्रकरण तिथेच अडतं. सगळी तयारी या एका अडचणीभोवती करा. नियमातला प्रत्येक शब्द असा हवा, की फाटकाशी उभ्या असलेल्या माणसाला तो टेपने, घड्याळाने किंवा नुसत्या डोळ्यांनी तपासता येईल.

मग बांधलेल्या कुत्र्यांच्या नोंदी एका वहीत करा. रस्त्यावरून जे दिसतं तेवढंच लिहा, तारीख आणि वेळ घालून. सकाळी, भर दुपारी आणि रात्री अशा वेगवेगळ्या वेळी पाहा. साखळी किती लांब आहे हे कुत्र्याच्या अंगाच्या लांबीशी ताडून लिहिता येतं, म्हणजे आत शिरून मोजायची गरज पडत नाही. खुंट्याभोवती गवत मरून मातीचं गोल रिंगण पडलं असेल तर त्याचा फोटो घ्या, कारण कुत्रा तिथे किती काळ आहे ते त्या रिंगणावरून समजतं. सावली दुपारी कुठे सरकते ते बघा. सकाळी सावलीत असलेला कुत्रा एक वाजता उन्हात असतो आणि त्याला हलता येत नाही. पाण्याचं भांडं साखळीच्या धक्क्याने उलटून टप्प्याबाहेर गेलंय का, साखळीला भवरकडी (पीळ पडू न देणारी फिरती कडी) आहे का, साखळी खांबाला गुंडाळून आखूड झाली आहे का, गळपट्टा मानेत रुतला आहे का, हेही टिपा. मान सुजलेली दिसली किंवा पट्ट्याखालून रक्त आलेलं दिसलं, तर नवा नियम होईपर्यंत थांबू नका. तो आजच्या कायद्यातही तक्रारीचा विषय आहे, त्याच दिवशी कळवा. कुंपण ओलांडून आत जाऊ नका आणि कुत्रा परस्पर सोडून देऊ नका, कितीही जीव तुटला तरी. वर्षानुवर्षं बांधलेला कुत्रा मोकळा झाला की कुठे धावायचं ते त्याला कळत नाही. तो गाडीखाली येतो किंवा घाबरून कुणाला तरी चावतो, आणि मग तुमची वही कुणी उघडत नाही.

मसुद्याला सगळ्यात जास्त वेळ द्या. इतरांनी काय केलं ते समोर ठेवा. अमेरिकेत राज्याराज्यांत फरक आहे: कॅलिफोर्नियात कुत्रा एका जागी बांधायला २४ तासांत ३ तासांची मर्यादा, मॅसॅच्युसेट्समध्ये ५ तास, ओरेगॉनमध्ये १०, नेवाडात १४. आकडे वाचायला सोपे वाटतात, पण १४ तासांचा नियम तपासायला १४ तास तिथे बसणार कोण? सकाळी बांधलेला कुत्रा संध्याकाळीही बांधलेला दिसला तर मधल्या वेळात तो सुटा होता असं मालक सांगू शकतो. म्हणून केवळ तासांवर उभा असलेला नियम मला कच्चा वाटतो. त्यापेक्षा घड्याळातली ठरावीक वेळ बरी. मॅसॅच्युसेट्समध्ये रात्री १० ते सकाळी ६ आणि न्यू जर्सीत रात्री ११ ते पहाटे ५ या वेळात कुत्रा बाहेर बांधून ठेवायला मनाई आहे, थोडे अपवाद सोडून. रात्री एक फेरी मारली, फोटो काढला, पुरावा झाला. आणि त्याहूनही चांगली अट म्हणजे कुत्रा बांधलेला असताना त्याच्यावर लक्ष ठेवणारं मोठं माणूस तिथे हजर हवं. ही अट एका भेटीत तपासून होते.

हवामानाची अट वेगळी लिहा. पेन्सिल्व्हेनियाने २०१७ साली ठरवलं की तापमान ९० अंश फॅरनहाइटच्या वर, म्हणजे साधारण ३२ सेल्सिअसच्या वर, किंवा गोठणबिंदूच्या खाली असेल तर कुत्रा अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ बांधलेला राहता कामा नये. तापमान सगळ्यांच्या फोनवर दिसतं, त्यामुळे त्यावर वाद होत नाही. साखळीच्या वजनासाठी मॅसॅच्युसेट्सची पद्धत उपयोगी आहे, साखळी कुत्र्याच्या वजनाच्या एक अष्टमांशापेक्षा जड नको. लांबीसाठी टेक्सासची: कुत्र्याच्या लांबीच्या पाचपट किंवा १० फूट, यातलं जे जास्त असेल ते. गळा आवळणारे आणि काटेरी पट्टे बांधण्यासाठी वापरू नयेत, हे नाव घेऊन लिहा.

टेक्सासकडून आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. तिथे २००७ पासून कायदा होता, पण मालकाला आधी ताकीद देऊन २४ तासांची मुदत द्यावी लागे. कुत्रा उन्हात बिनपाण्याचा दिसला तरी अधिकारी लगेच काही करू शकत नसे, आणि मुदतीपुरतं सगळं नीट करून नंतर पुन्हा तेच करायची वाट मोकळी राहत असे. ही मुदत १८ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने काढून टाकली. तुमच्या मसुद्यात ताकीद जरूर असू द्या, पण जीवाला धोका दिसत असेल तेव्हा ताकीद आड येणार नाही असं एक वाक्य त्यात हवंच.

दोन पळवाटा आधीच बुजवा. एक म्हणजे पिंजरा. फक्त साखळीवर बंदी आणली तर कुत्रा साखळीतून निघून अंगाएवढ्या पिंजऱ्यात जातो, म्हणून बंदिस्त जागेचं किमान क्षेत्रफळ त्याच नियमात घाला. दुसरी म्हणजे दोन टोकांना ताणलेल्या तारेवर सरकणारी दोरी. ती खुंट्यापेक्षा निश्चित बरी, पण तिचा वापर कायमचा होऊ नये म्हणून तिलाही वेळेची मर्यादा द्या. खरे अपवाद मोकळ्या मनाने मान्य करा: डॉक्टरकडे नेताना, गुरांमागे काम करताना, थोड्या वेळासाठी घराबाहेर. जर्मनीने २०२१ च्या दुरुस्तीने कुत्रा बांधून पाळायला मनाई केली, तेव्हाही शिकवलेल्या कामातल्या कुत्र्याला सवलत ठेवली, माणूस सोबत असेल तर.

नियमावर मत देणाऱ्या पालिकेच्या सभासदांपुढे फक्त दयेचा मुद्दा नेऊ नका. दया खरी आहे, पण ज्याला कुत्र्यांची भीती वाटते त्या सभासदालाही मत द्यायचं आहे. अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात चावणाऱ्या आणि न चावणाऱ्या कुत्र्यांची तुलना करून १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अंगणात साखळीने बांधलेल्या कुत्र्यांमध्ये चावण्याची शक्यता न बांधलेल्यांच्या २.८ पट आढळली. हा आकडा सांगताना प्रामाणिक राहा. साखळीमुळे कुत्रा चावरा होतो की चावरा म्हणून बांधला जातो, हे असा अभ्यास एकट्याने ठरवू शकत नाही. पण कारण समजायला अवघड नाही. घाबरलेला कुत्रा एकतर पळतो किंवा अंगावर येतो, आणि बांधलेल्याला पळता येत नाही. त्याच अभ्यासात नसबंदी न केलेल्या कुत्र्यांचाही धोका जास्त दिसला, म्हणून नियमासोबत स्वस्तात नसबंदीची सोय मागा. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९९७ मध्ये आपल्या परवान्याखालच्या प्रजनन आणि विक्री केंद्रांना कुत्रे बांधून पाळायची सूट बंद केली, हेही सांगा. ते खातं भावनेच्या भरात निर्णय घेतं असं कुणी म्हणणार नाही.

आता मालकांकडे वळा, आणि इथे मन मोठं ठेवा. बांधणाऱ्यांतले पुष्कळ लोक निर्दयी नसतात. कुंपणाला पैसे नाहीत, घर भाड्याचं आहे, कुत्रा उडी मारून जातो, लहानपणापासून असंच पाहिलं आहे, अशी त्यांची कारणं असतात. उत्तर कॅरोलायनातल्या डरम काउंटीने २००८ मध्ये बंदी मंजूर केली आणि ती १ जानेवारी २०१० पासून लागू केली. मधल्या काळात स्वयंसेवक लोकांच्या अंगणात फुकट कुंपणं घालून देत होते. अशी मुदत तुमच्या मसुद्यात असू द्या, आणि मदतीची यादी हातात असल्याशिवाय सभेला जाऊ नका: जाळी आणि खांब कोण देणार, श्रम कुणाचे, घरमालकाची परवानगी मिळवायला कोण जाणार.

ज्यांचा कुत्रा सुटणार आहे त्यांच्यासाठी एक पानी सूचना छापा. आधी डॉक्टरकडून मान, कातडी आणि वाढलेली नखं तपासून घ्यावी. कुंपणाची उंची कुत्र्याची उडी पाहून ठरवावी, आणि तो उकरणारा असेल तर जाळी जमिनीत पुरावी. फाटकाची कडी दोनदा तपासावी. पहिले काही दिवस कुंपणाच्या आतही लांब दोरी हातात धरावी, लहान मुलांना जवळ सोडू नये. ज्याने फक्त एक वर्तुळ पाहिलं आहे, तो मोकळ्या अंगणातही काही दिवस त्याच वर्तुळात फिरू शकतो. त्याला ओढू नये, घास पुढे पुढे टाकत न्यावं.

सभेच्या दिवसासाठी फार काही लागत नाही. बोलायला मिनिटं थोडीच मिळतात, ती घरी घड्याळ लावून मोजून घ्या. एक पशुवैद्य आणि रोज तक्रारी हाताळणारा एक कर्मचारी सोबत असला तर उत्तम. मसुद्याच्या प्रती प्रत्येक सभासदाला आदल्या आठवड्यात पोहोचलेल्या असाव्यात.

मंजुरी मिळाली तरी वही बंद करू नका. रात्रीची तक्रार कोणत्या क्रमांकावर घेतली जाईल, ती घेणाऱ्याकडे टेप आणि कॅमेरा आहे का, लेखी ताकिदीचा छापील नमुना तयार झाला का, सूचना शहरात बोलल्या जाणाऱ्या सगळ्या भाषांत निघाल्या का, हे विचारून उत्तरं लिहून घ्या. जप्त झालेला कुत्रा कुठे ठेवणार हे तर नियम लागू होण्याआधीच ठरलेलं हवं, आणि तिथे किती जागा रिकाम्या आहेत ते स्वतः जाऊन पाहून या.