दुचाकीचा टायर एकसारखा झिजत नाही? नवा टायर घालण्यापूर्वी या चुका टाळा

टायर गुळगुळीत झाला की तो बदलायचा, एवढाच विचार बहुतेक दुचाकीस्वार करतात आणि जुना टायर दुकानातच टाकून घरी येतात. सर्वांत महाग पडणारी चूक हीच, कारण गाडीत काय बिघडले आहे याचा पुरावा त्या जुन्या रबरावरच उमटलेला असतो; तो न पाहता नवा टायर चढवला, तर काही हजार किलोमीटरनंतर त्याचीही तीच गत होते.

मागचा टायर मधोमध सपाट होऊन चौकोनी दिसू लागला की ‘हवा जास्त भरली जाते’ असे निदान लगेच केले जाते. जास्त हवेने मधला पट्टा लवकर झिजतो हे खरे. पण रोज महामार्गावर सरळ धावणाऱ्या गाडीचा मागचा टायर योग्य हवेतही मध्येच झिजतो, कारण वजन आणि इंजिनाचा जोर दोन्ही त्याच पट्ट्यावर येतात. अशा वेळी अंदाजाने हवा कमी केली, तर टायर तापतो, कडा झिजू लागतात आणि गाडी वळणावर जड वाटते. हवेचा आकडा गाडीसोबतच्या पुस्तिकेत आणि बहुधा चेनकव्हरजवळच्या स्टिकरवर दिलेला असतो. एकट्यासाठी आणि डबलसीटसाठी मागच्या चाकाचे आकडे वेगळे असू शकतात. टायरच्या बाजूवर कोरलेला आकडा मात्र कमाल दाबाचा असतो, भरायचा नव्हे. शिवाय हवा थंड टायरवरच मोजावी. गाडी बराच वेळ चालवून पंपावर नेल्यास काटा वर चढलेला दिसतो, आणि ती ‘जास्तीची’ हवा सोडून दिली की दुसऱ्या दिवशी सकाळी टायर कमी हवेचा निघतो.

टायर एकाच बाजूला झिजत असेल, तर मोटारीची सवय असलेले लोक व्हील अलाइनमेंटचे, म्हणजे चाके सरळ रेषेत आणण्याचे, यंत्र शोधू लागतात. आपले रस्ते मध्ये उंच आणि कडेला उतरते असतात व आपण डावीकडून चालतो, त्यामुळे उजवी बाजू किंचित अधिक झिजणे स्वाभाविक आहे. फरक डोळ्यांना सहज दिसत असेल, तर मात्र मागचे चाक तिरके बसले आहे का ते पाहावे. माझ्या गाडीचे पंक्चर काढताना चाक उतरवले गेले आणि चेन ताणताना डाव्या ॲडजस्टरची (चाक मागेपुढे सरकवणाऱ्या स्क्रूची) खूण उजवीपेक्षा एका रेघेने पुढे राहिली. मी मात्र तीन महिने रस्त्यालाच दोष देत होतो. स्प्रॉकेटच्या, म्हणजे चेन ज्यावर फिरते त्या चक्राच्या, दात्यांची एकच बाजू चकाकत होती, तेव्हा कुठे शंका आली. स्विंग आर्मवरच्या (मागचे चाक धरणाऱ्या दांड्यांवरच्या) खुणाही नेहमी अचूक असतात असे नाही. मागच्या टायरभोवती दोरी घेऊन तिची दोन्ही टोके पुढच्या चाकापर्यंत ताणावीत, हँडल सरळ धरावे आणि पुढच्या टायरच्या दोन्ही बाजूंना सुटलेली फट सारखी आहे का ते पाहावे.

पुढच्या टायरवरून तळहात एका दिशेने फिरवल्यास गुळगुळीत आणि उलट दिशेने फिरवल्यास करवतीसारखा खरखरीत लागत असेल, तर थोडीफार अशी झीज ब्रेकमुळे होतेच. पण ठरावीक अंतरावर खळगे पडलेले असतील, तर टायरच्या कंपनीला नावे ठेवण्याआधी गाडी मेन स्टँडवर लावून पुढचे चाक अधांतरी करावे. फोर्कची (पुढचे चाक धरणाऱ्या दोन नळ्यांची) खालची टोके धरून पुढे-मागे हलवल्यावर ‘खट्’ असा आवाज आला, तर स्टीअरिंगचा बॉल रेसर (हँडल ज्यावर वळते ते बेअरिंग) ढिला आहे. चाक आडवे हलवल्यावर लटपटले, तर चाकाचे बेअरिंग गेले आहे. दोन्ही ठीक असतील, तर फोर्क ऑइल किती जुने आहे ते आठवावे आणि चाकाचे बॅलन्सिंग करून घ्यावे. स्पोकची चाके असल्यास रिमचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढून घ्यावा.

एकाच जागी टक्कल पडल्यासारखा डाग बहुधा मागचा ब्रेक करकचून दाबून चाक घासल्याचा असतो. मात्र टायर रिमवर नीट बसला नसेल, तरीही तो गचके देत चालतो आणि असमान झिजतो. टायरच्या बाजूला रिमलगत एक बारीक उठावदार रेषा असते. ती रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. चाक फिरवून ती पाहण्यास अर्धा मिनिट लागतो, आणि ती वरखाली नाचत असेल, तर हवा सोडून, कडेला साबणाचे पाणी लावून टायर पुन्हा बसवून घ्यावा व मगच दुकानदाराचे पैसे द्यावेत.