गरोदरपणातली शुगर टेस्ट : ग्लुकोजचं पाणी प्यायला जाण्याआधी हे वाचा

डॉक्टर चिठ्ठीवर शुगर टेस्ट लिहून देतात आणि मग घरात चर्चा सुरू होते, उपाशी जायचं का खाऊन जायचं. जाऊ म्हणते मी उपाशी गेले होते, मैत्रीण म्हणते मी तर नाश्ता करून गेले, आणि दोघी खरं बोलत असतात कारण दोघींच्या टेस्टच वेगळ्या होत्या. म्हणून पहिलं काम हे की चिठ्ठी हातात आली की तिथेच विचारायचं, ग्लुकोज किती ग्रॅमचं, उपाशी यायचं का, आणि रक्त किती वेळा घेणार. हे तीन प्रश्न विचारायला अजिबात लाजू नका.

आपल्याकडे सरकारी दवाखान्यात आणि बऱ्याच खाजगी ठिकाणीही जी टेस्ट होते तिला डिप्सी म्हणतात. चेन्नईच्या डॉ. व्ही. शेषय्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती आपल्याकडच्या बायकांचा विचार करून मांडली, म्हणजे गावाहून एसटीने येणारी बाई उपाशीपोटी दोन-दोनदा कशी येणार, तर ती खाऊन आली असली तरी चालेल अशी टेस्ट हवी. यात ७५ ग्रॅम ग्लुकोज साधारण ३०० मिली पाण्यात विरघळवून देतात आणि २ तासांनी एकदाच रक्त घेतात. आकडा १४० (रिपोर्टवर mg/dL लिहिलेला, पुढचे आकडेही तसेच) किंवा त्याच्या वर आला की गरोदरपणातला डायबेटीस धरतात.

दुसरी आहे उपाशीपोटीची ओजीटीटी. रात्रीच्या जेवणानंतर ८ ते १० तास काही खायचं नाही (साधं पाणी चालतं), सकाळी आधी रक्त, मग तेच ७५ ग्रॅम ग्लुकोज, मग १ तासाने आणि २ तासांनी परत रक्त. इथे उपाशी ९२, १ तासाला १८० आणि २ तासांना १५३, यातला एकही आकडा गाठला किंवा ओलांडला तरी डायबेटीस. काही डॉक्टर हीच पसंत करतात कारण काही जणींची फक्त उपाशीपोटीची शुगर वाढलेली असते आणि ती २ तासांच्या एकाच आकड्यात दिसत नाही. तिसरी ५० ग्रॅमची, १ तासाने रक्त, ती फक्त चाळणी असते, त्यात जास्त आलं तर पुढे मोठी टेस्ट करावी लागते, लगेच डायबेटीस झाला असं होत नाही. म्हणून मैत्रिणीच्या रिपोर्टमधला आकडा आपल्या आकड्याशी जुळवत बसू नका, टेस्ट कुठली होती ते कळल्याशिवाय त्या आकड्याला काही अर्थ नाही.

कधी करायची? सरकारी नियमाप्रमाणे पहिल्या तपासणीलाच एकदा, आणि ती नॉर्मल आली तरी २४ ते २८ आठवड्यांत परत. दुसरी का, तर वारेतून जे हार्मोन्स येतात ते इन्सुलिनला नीट काम करू देत नाहीत आणि हा जोर सहाव्या-सातव्या महिन्यात वाढतो. पहिली नॉर्मल होती म्हणून दुसरी सोडून देणाऱ्या खूप जणी आहेत आणि मला खरंच काळजी वाटते, कारण त्रास काहीच जाणवत नाही, टेस्टशिवाय कळायला दुसरा मार्गच नाही. घरात कोणाला शुगर नाही, मी तर बारीक आहे, ही कारणं इथे चालत नाहीत. प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि दर महिन्याच्या ९ तारखेला होणाऱ्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाच्या तपासणीला याचे पैसे लागत नाहीत, आशाताईंना विचारा त्या सगळं सांगतात.

आता टेस्टच्या आधीचे दिवस. रिपोर्ट चांगला यावा म्हणून चार दिवस भात बंद, गोड बंद, पोळी अर्धी असं करू नका. आकडा चांगला दिसेल म्हणून केलेल्या उपासाने उलट आकडा चुकतो, रोज जे खाता तेच खा. एकादशी, चतुर्थी असेल तर दुसरा दिवस घ्या. बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टिरॉइडचं इंजेक्शन नुकतंच झालं असेल तर ते आधी सांगा, त्याने शुगर काही दिवस वाढते.

ग्लुकोज घरून आणायला सांगितलं तर मेडिकलमधून ७५ ग्रॅमचं मोजलेलं पाकीट घ्या, घरातल्या डब्यातली एनर्जी पावडर चमच्याने अंदाजे टाकायची नाही. ते पाणी भयंकर गोड लागतं, मळमळतं, त्यामुळे गार पाण्यात करून मागा, थोडं लिंबू चालेल का ते लॅबमधे विचारा. एका घोटात संपवायची गरज नाही पण ५ ते १० मिनिटांत संपलं पाहिजे. पहिला घोट घेतला ती वेळ मोबाईलमधे लिहून ठेवा आणि २ तासांचा अलार्म लावा, लॅबमधे गर्दी असली की नावं पुकारायला उशीर होतो आणि दोनाचे अडीच तास झाले तर तो आकडा कामाचा राहत नाही, अशा वेळी स्वतः उठून काउंटरवर सांगायचं. प्यायल्यापासून अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर टेस्ट दुसऱ्या दिवशी परत करावी लागते, अर्ध्या तासानंतर झाली तर टेस्ट पुढे चालू ठेवतात, पण दोन्ही वेळेला सिस्टरला सांगाच. मधल्या वेळात बसून राहायचं, बाजारात चक्कर नको, चहा-बिस्किट नको, मिश्री-तंबाखू तर नकोच. सोबत कोणीतरी आणि नंतर खायला डबा ठेवा.

आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ताची टेस्ट) केली की ग्लुकोजच्या टेस्टची गरज नाही असं कोणी म्हणालं तर ऐकू नका, गरोदरपणात आणि त्यात रक्त कमी असेल तर त्या आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही.

जास्त आलं तर? रडू येतं, माहितीये, पण यात तुम्ही काही चुकीचं खाल्लं म्हणून झालं असं नाही. शुगर तशीच राहिली तर बाळ फार मोठं होतं, जन्मल्यावर त्याची शुगर एकदम खाली जाऊ शकते, आईचं बीपी वाढू शकतं. बहुतेक वेळा आधी दोन आठवडे आहार आणि चालणं, मग जेवणानंतर २ तासांची शुगर १२० च्या खाली आहे का ते बघतात. भात बंद करायचा नाही, कमी करायचा आणि उसळ, भाजी, ताक वाढवायचं, तीन मोठ्या जेवणांऐवजी मधे मधे थोडं खायचं. "दोन जिवांची आहेस, खा" म्हणत डोहाळजेवणात ताटात जे वाढतात त्याला प्रेमाने नाही म्हणायला घरातल्या कोणाची तरी मदत घ्या. एवढ्याने नाही भागलं तर गोळी किंवा इन्सुलिन, आणि इन्सुलिनला घाबरू नका, ते वारेतून बाळापर्यंत जात नाही.

बाळंतपणाला माहेरी जाणार असाल तर सगळे रिपोर्ट सोबत न्या आणि तिथल्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा. डिलिव्हरी झाली की शुगर बहुतेकींची खाली येते आणि मग सगळे विसरतात, पण ६ आठवड्यांनी उपाशीपोटी ७५ ग्रॅमची टेस्ट परत करायची असते, कारण पुढे कायमचा डायबेटीस होण्याची शक्यता अशा बायकांना जास्त असते. बाळाची पेंटा आणि पोलिओची लस पण ६ आठवड्यांनाच असते, तर त्याच दिवशी सकाळी उपाशी जा, बाळाला सांभाळायला आजीला सोबत न्या आणि दोन्ही कामं उरकून या. उपाशी १२६ किंवा २ तासांना २०० च्या वर आलं तर लगेच डॉक्टरांकडे, नॉर्मल आलं तरी दर वर्षी एकदा शुगर बघायची आणि पुढच्या वेळी दिवस राहिले की पहिल्याच भेटीत सांगायचं की मागच्या वेळी शुगर होती.