स्वयंसंघटित बिनतारी नेटवर्क: क्लस्टर सारखे मोडत असतील तर या चुका टाळा

स्थिर केंद्राविना आपसांत जोडल्या जाणाऱ्या अशा नेटवर्कमधील उपकरणे, म्हणजे नोड, हलू लागले आणि डेटाची पॅकेट हरवू लागली की पहिला आळ पॅकेटचा मार्ग ठरवणाऱ्या राउटिंग प्रोटोकॉलवर येतो व तो बदलण्याची घाई होते. माझ्या मते, आधी तपासायला हवे ते शेजाऱ्यांविषयीच्या माहितीचे वय. ओएलएसआर या राउटिंग प्रोटोकॉलच्या २००३ सालच्या मूळ आराखड्यात आपले अस्तित्व शेजाऱ्यांना कळवणारा हॅलो संदेश दर २ सेकंदांनी जातो आणि शेजाऱ्याची नोंद ६ सेकंद ग्राह्य धरली जाते. दोन नोड एकमेकांच्या सापेक्ष सेकंदाला २० मीटर वेगाने दूर जात असतील, तर तेवढ्या अवधीत त्यांच्यातील अंतर १२० मीटरने वाढते; रेडिओचा पल्ला २५० मीटर असला, तरी कडेजवळचा शेजारी केव्हाच निसटलेला असतो आणि राउटिंग तक्ता मात्र त्याच्याकडेच पॅकेट पाठवत राहतो. यावर केवळ हॅलोचे अंतर कमी करणे हा अपुरा उपाय आहे, कारण दाट नेटवर्कमध्ये या संदेशांनीच माध्यम भरून जाते. पाठवलेल्या पॅकेटची पोच आली नाही, ही लिंक स्तरावरील सूचना राउटिंगपर्यंत पोहोचवली, तर तुटलेला दुवा कितीतरी लवकर कळतो.

दुसरी चूक अधिक महागात पडते, ती क्लस्टरचा, म्हणजे जवळच्या नोडांच्या गटाचा, प्रमुख निवडण्यातली. सर्वांत लहान क्रमांकाचा नोड क्लस्टर-प्रमुख, हा नियम सोपा आहे; पण तो जसाच्या तसा राबवला तर लहान क्रमांकाचा एखादा नोड नुसता जवळून गेला तरी प्रमुख बदलतो, त्याचे सदस्य विखुरतात आणि शेजारच्या क्लस्टरमध्येही फेरनिवड सुरू होते. सर्वाधिक शेजारी असलेला नोड निवडावा, तर चालत्या नेटवर्कमध्ये शेजाऱ्यांची संख्या क्षणोक्षणी बदलते. म्हणून दोन प्रमुख एकमेकांच्या पल्ल्यात आले किंवा एखाद्या नोडला कोणताच प्रमुख उरला नाही, तरच बदल करावा, आणि पहिल्या प्रसंगीही थोडा वेळ थांबावे, कारण ते दोघे कदाचित फक्त एकमेकांना ओलांडून जात असतील. शेजाऱ्यांकडून लागोपाठ आलेल्या संदेशांची सिग्नल-शक्ती ज्याच्याकडे कमीत कमी बदलते, तो नोड प्रमुखपदासाठी अधिक योग्य. लीच या सेन्सर-नेटवर्कमधील क्लस्टर प्रोटोकॉलसारखी, बॅटरीचा भार वाटण्यासाठी प्रमुखपद फिरवणारी पद्धत मुख्यतः स्थिर सेन्सरांसाठी आहे. ती फिरत्या नोडांवर लादू नये.

हॅलो येतात पण डेटा जात नाही, अशी तक्रार असेल तर प्रसारणाचा दर पाहावा. वाय-फायमध्ये हॅलोसारखे सर्वांसाठीचे संदेश सहसा कमी दराने जातात व त्यामुळे डेटापेक्षा दूर पोहोचतात, म्हणून दुवा असल्याचा भास होतो. अशा वेळी सर्वांत कमी टप्प्यांचा मार्ग नेमके हेच लांबचे, कच्चे दुवे निवडतो. त्याऐवजी पॅकेट पोहोचण्याच्या प्रमाणावर आधारित मोजमाप वापरावे.

सिम्युलेशनमध्ये सारे सुरळीत दिसत असेल, तर रँडम वेपॉइंट प्रारूपातील (ज्यात प्रत्येक नोड यादृच्छिक ठिकाण व वेग निवडून तिकडे जातो) किमान वेग शून्य ठेवलेला नाही ना, हे आवर्जून तपासावे. तो शून्य असला तर अतिमंद नोड एकेका प्रवासात अडकून पडतात, सरासरी वेग काळानुसार घसरत जातो आणि शेवटी आपण जवळजवळ स्थिर नेटवर्कच तपासत असतो. किमान वेग शून्याहून स्पष्टपणे अधिक ठेवावा आणि सुरुवातीचा अस्थिर कालखंड मोजणीतून वगळावा.