फोर बाय फोर आणि डिफरन्शियल लॉक : पाणंदीत शिरण्याआधी समजून घ्या

जुलैचा पाऊस लागला की कोल्हापूरजवळच्या भोगावती नदीकाठच्या आमच्या पाणंदीत, म्हणजे शेतांमधल्या वाटेत, काळ्या मातीचा लगदा होतो. दोन्ही बाजूंना ऊस, मधे ट्रॅक्टरच्या खोल चाकोऱ्या. तिथंच माझी फोर बाय फोर जीप रुतली. चारही चाकांना ताकद जाते, मग अडकेलच कशी, असा माझा समज होता. पण एक पुढचं आणि त्याच्या तिरक्या कोपऱ्यातलं मागचं अशी दोनच चाकं गरागरा फिरत होती. उरलेली दोन जागची हलेनात. तात्यांनी ट्रॅक्टर लावून गाडी बाहेर काढली आणि म्हणाले, "पुढचं-मागचं जोडलंस बाबा, पण डावं-उजवं सुट्टंच हाय न्हवं."

सगळा विषय त्या एका वाक्यात आहे. तो नीट कळायचा तर सुरुवात फोर बाय फोरच्या लिव्हरपासून करू नका, डिफरन्शियलपासून करा.

आधी डिफरन्शियल

कोल्हापुरात बिंदू चौकात गाडी काटकोनात वळवली, तर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. दोन चाकांत दीड मीटर अंतर धरलं, तर हा फरक साधारण २.३५ मीटर भरतो. वळण लहान असो वा मोठं, काटकोनाला फरक तेवढाच. दोन्ही चाकं एकाच अखंड दांड्यावर घट्ट बसवली असती, तर प्रत्येक वळणावर त्यांपैकी एक फरफटलं असतं. ते टाळण्यासाठी दोन चाकांच्या मधे बसवलेली गिअरची रचना म्हणजे डिफरन्शियल.

शिवाजी उद्यमनगरात एखाद्या गॅरेजमध्ये डिफरन्शियलचं हाउसिंग (बाहेरचं कवच) उघडलेलं दिसलं, तर मिस्त्रींना विचारून पाच मिनिटं बघाच. इंजिनाकडून आलेला शाफ्ट पिनियन नावाचं छोटं दातेरी चाक फिरवतो, पिनियन क्राऊन हे मोठं दातेरी चाक फिरवतं. क्राऊनला बांधलेल्या पेटीत छोटे स्टार गिअर असतात आणि त्यांच्या दोन्ही अंगांना चाकांकडे जाणारे सन गिअर. गाडी सरळ जाते तेव्हा स्टार पेटीबरोबर नुसते वाहून नेले जातात. वळताना ते स्वतःभोवतीही फिरतात, आणि एका चाकाचा वेग जेवढा घटतो तेवढाच दुसऱ्याचा वाढतो.

मग चिखलात घात कुठं होतो?

'सगळी ताकद घसरणाऱ्या चाकाला जाते' असं सर्रास सांगितलं जातं. वेगाबद्दल ते खरं आहे, जोराबद्दल नाही. साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना नेहमी सारखाच जोर देतं. बैलांचं जू आठवा. एक बैल ढिला पडला की जू तिरकं होतं आणि दुसरा कितीही दांडगा असला तरी त्याच्या जोराने औत पुढं सरकत नाही. चिखलातलं चाक दहाच भाग जोर पेलत असेल, तर कोरड्या जमिनीवरच्या चाकालाही दहाच मिळतो. वीस भागांत गाडी निघत नाही. तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर दाबता, घसरणारं चाक आणखी जोरात फिरतं आणि स्वतःसाठी खड्डा खणतं.

लॉक म्हणजे ते जू तिरकं होणार नाही असं बांधून टाकणं. डावं-उजवं चाक एकाच वेगाने फिरतं आणि जमीन धरलेल्या चाकाला लागेल तेवढा जोर घेता येतो.

आपल्याकडच्या शेतकऱ्याला यात नवीन काही नाही. ट्रॅक्टरला डिफ लॉकचा पेडल असतोच. शिवाय डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेकही वेगळे असतात. घसरणाऱ्या बाजूचा ब्रेक हलका दाबला की त्या चाकाला अडथळा मिळतो आणि तेवढाच जोर दुसऱ्या चाकालाही पोचतो. मारुती जिमनी हीच युक्ती सेन्सरच्या मदतीने आपोआप करते. महिंद्रा थारच्या काही मॉडेलांत दोन चाकांच्या वेगात मोठा फरक पडला की मागचं यांत्रिक लॉक आपोआप लागतं. फोर्स गुरखात पुढच्या-मागच्या दोन्ही अ‍ॅक्सलची (चाकांच्या जोड्यांची) लॉक चालकाने स्वतः लावायची असतात. तुमच्या गाडीत यांतलं काय आहे, की काहीच नाही, हे मॅन्युअलमध्ये आजच बघून ठेवा.

लिव्हर : २ एच, ४ एच, ४ एल

आकडा म्हणजे ओढणारी चाकं किती; एच म्हणजे हाय, नेहमीचा वेग, आणि एल म्हणजे लो, कमी वेग पण जास्त जोर. २ एचमध्ये मागचीच चाकं ओढतात. ४ एचला ट्रान्सफर केस, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद पुढे-मागे वाटणारी पेटी, पुढच्या आणि मागच्या चाकांकडे जाणारे प्रॉपेलर शाफ्ट एकमेकांना घट्ट जोडते. इथंच मी फसलो होतो. पुढची जोडी मागच्या जोडीला बांधली गेली, पण प्रत्येक जोडीतलं डिफरन्शियल मोकळंच राहिलं. प्रत्येक जोडीतलं एकेक चाक घसरलं की गाडी उभी.

४ एल लावताना गाडी थांबवा, क्लच पूर्ण दाबा (ऑटोमॅटिक असेल तर न्यूट्रल) आणि मग लिव्हर टाका. चाकांवरचा जोर साधारण दोन ते अडीच पट होतो, वेग त्याच प्रमाणात उतरतो.

करूळ घाटासारख्या पक्क्या रस्त्याच्या वळणांवर मात्र अशा गाडीत ४ एच नको. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठा कंस कापतात, आणि शाफ्ट जोडलेले असल्याने तो फरक जिरायला वाव उरत नाही. ताण साठतो, स्टीअरिंग जड होतं, टायर घासतात, लिव्हर अडकते. माती किंवा खडी असली की टायर थोडे सरकतात आणि ताण निघून जातो. कायम चारही चाकं ओढणाऱ्या गाड्यांत मधेही डिफरन्शियल किंवा क्लच असतो, त्यांना हा नियम लागू नाही.

प्रत्यक्ष चिखलात

आधी उतरून चालत जा. पाय किती रुततो, चाकोरी किती खोल आहे ते बघा. गाडीचं पोट मधल्या उंचवट्यावर टेकलं तर चाकांवरचं वजनच जातं.

४ एल आणि मागचं लॉक चिखलात शिरण्याआधीच लावा, गाडी उभी असताना. चाक गरागरा फिरत असताना लॉक टाकलं तर दाते तुटू शकतात. पुढचं लॉक अगदी शेवटी, कारण ते लागलं की स्टीअरिंग वळता वळत नाही. मग एकसारख्या हलक्या पायाने, चाकं शक्य तेवढी सरळ ठेवून चला. मधे थांबू नका.

कडक जमीन लागली की वळण्याआधी लॉक काढा. डॅशबोर्डवरचा लॉकचा दिवा विझत नसेल तर घाबरू नका, दात्यांवर ताण राहिलेला असतो. सरळ रेषेत थोडं मागं-पुढं केलं की सुटतं.

आणि पाणी. कोल्हापुरी बंधाऱ्यावरून पाणी वाहत असेल तर ४ एल, दोन्ही लॉक, काहीही असो, गाडी घालू नका. पाणी गाडीला उचलतं, टायरवरचं वजन कमी होतं, आणि ज्या पकडीवर लॉकचं सगळं काम चालतं ती पकडच उरत नाही. तिथून मागं फिरा आणि लांबचा, पुलावरचा रस्ता धरा.