परीक्षणातलं 'असूनही'

माझं छापून आलेलं पहिलं परीक्षण एका छोट्या भयपटाचं. त्यातलं एक वाक्य मला स्वतःलाच इतकं आवडलं होतं की पाठवण्याआधी मी ते दोनदा मोठ्यानं वाचलं: 'भयपट असूनही हा सिनेमा विचार करायला लावतो.' संपादकबाईंनी 'असूनही'भोवती लाल गोल करून मजकूर परत पाठवला. फोन केला तर म्हणाल्या, "भयपट असणं हा काय आजार आहे का रे? अंगात ताप असूनही पेपर दिला, तसं लिहिलंयस."

तेव्हा राग आला. आता नवी मुलंमुली आपले खर्डे वाचायला देतात, तेव्हा माझी नजर आधी त्याच शब्दाला शोधते. तो सापडतोच. कधी 'केवळ थरारपट न राहता', कधी 'प्रकाराच्या चौकटीपलीकडे जाऊन'. कपडे वेगळे, माणूस तोच. इंग्रजीत यालाच 'एलिव्हेटेड हॉरर', म्हणजे उंचावलेला भयपट, असं भारदस्त नाव मिळालंय. म्हणजे बाकीचा हॉरर खालच्या मजल्यावर राहतो असं आपण आधीच ठरवून टाकलेलं असतं.

याला एक व्यावहारिक कारण आहे, आणि या धंद्यात येणाऱ्यानं ते आधीच समजून घेतलेलं बरं. मोठे सिनेमे ज्येष्ठांकडे जातात. नवशिक्याच्या वाट्याला उरतं ते दोन टोकांचं: एकीकडे स्लॅशर (एखादा खुनी एकेकाला मारत सुटतो ते भयपट), झॉम्बी, स्वस्तातले विज्ञानपट, दुसरीकडे कोणी नाव न ऐकलेले इंडी, म्हणजे मोठ्या स्टुडिओशिवाय केलेले स्वतंत्र सिनेमे, जे थिएटरात आठवडाभरही टिकत नाहीत. ही कामं म्हणजे पायरी, खरं काम पुढे, असं मनात असतं. मग एकाकडे आपण वरून खाली बघतो आणि दुसऱ्याच्या पाठीवरून हात फिरवतो. दोन्हीत सिनेमा बघायचा राहून जातो.

तुच्छतेची उदाहरणं इतिहासात भरपूर आहेत. १९६० मध्ये मायकेल पॉवेल यांचा 'पीपिंग टॉम' आला तेव्हा ब्रिटिश समीक्षकांनी तो किळसवाणा ठरवून असा झोडपला की पॉवेल यांची तिथली कारकीर्द पुन्हा सावरलीच नाही. आज तो अभ्यासक्रमात असतो. जॉन कार्पेंटर यांचा 'द थिंग' जून १९८२ मध्ये, स्पीलबर्गच्या 'ई.टी.'नंतर दोनच आठवड्यांनी आला आणि बहुतेकांनी त्याला चिकट, बीभत्स रबरी खेळ म्हणून मोडीत काढलं. त्या रबरी करामतींवरच पुढे पिढ्यानपिढ्या लोक जीव टाकत आले. ती परीक्षणं लिहिणारे मूर्ख नव्हते. किळस वाटणं आणि सिनेमा वाईट असणं यात त्यांनी फरक केला नाही, एवढंच.

या फरकासाठी मला सर्वात उपयोगी पडला तो चित्रपट-अभ्यासक लिंडा विल्यम्स यांचा १९९१ सालचा एक निबंध. भयपट, रडवणारा मेलोड्रामा आणि पोर्नोग्राफी हे तिन्ही प्रकार प्रेक्षकाच्या शरीरावर काम करतात, आणि नेमके म्हणूनच ते हलके समजले जातात, हा त्यांचा मुद्दा. तो वाचल्यावर माझी वहीच बदलली. आधी मी 'आशय', 'दिग्दर्शन', 'अभिनय' असे रकाने पाडायचो. आता अंधारात खरडतो: 'इथे श्वास रोखला', 'इथे मागची रांग हसली, मी नाही', 'हात चेहऱ्यावर गेला पण बोटांतून बघत होतो'. घरी आल्यावर प्रश्न एकच: हे त्यांनी कसं घडवलं? शॉट किती वेळ धरला, आवाज कधी काढून घेतला, काय दाखवलं नाही? परीक्षणाचा निम्मा मजकूर या उत्तरांतूनच निघतो.

२०२१ मध्ये 'तितान'ला कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार, पाम दोर मिळाला, २०२४ मध्ये 'द सबस्टन्स'ला तिथेच पटकथेचा पुरस्कार. दोन्ही बॉडी हॉरर, म्हणजे शरीराच्या विद्रूप होण्यातून भीती घालणारे. त्यामुळे काळ बदलला म्हणतात, आणि काही अंशी खरंही आहे. पण 'सबस्टन्स'वरची कितीतरी परीक्षणं सौंदर्याच्या दबावाबद्दल पाच परिच्छेद लिहून थांबली. त्यातली कातडी, ते कृत्रिम अवयव, ते चावण्या-गिळण्याचे अवाजवी मोठे केलेले आवाज यांच्याबद्दल ओळभरसुद्धा नाही. विषय सांगता आला म्हणजे सिनेमा सांगितला असं होत नाही. विषय तर पोस्टरवरही असतो.

भयपटासारख्या ठरावीक प्रकारावर, म्हणजे जॉनरवर लिहायचं तर वंशावळ ठाऊक हवी. सगळी नाही, पण स्लॅशरमध्ये शेवटी जिवंत उरणाऱ्या मुलीला 'फायनल गर्ल' हे नाव अभ्यासक कॅरल क्लोव्हर यांनी १९८७ मध्ये दिलं आणि तेव्हापासून दिग्दर्शकही ते नाव डोक्यात ठेवून तिच्याशी खेळतात, एवढं तरी. नाहीतर जुनी युक्ती तुम्हाला नवी वाटेल आणि खरी नवी युक्ती चूक वाटेल. मी एका सिनेमाच्या 'धक्कादायक कल्पकते'चं तोंडभरून कौतुक केलं होतं. वाचकांनी त्याच युक्तीचे चार जुने सिनेमे कळवले. त्यातले तीन मी पाहिलेले होते, हे जास्त लागलं.

आता पाठीवरच्या हाताबद्दल. स्वतंत्र सिनेमाच्या परीक्षणात 'असूनही'चा एक मावसभाऊ भेटतो: 'तरीही'. बजेट तुटपुंजं, तरीही. नवखे कलाकार, तरीही. एका पहिल्या सिनेमाला मी असेच साडेतीन तारे दिले होते. काही महिन्यांनी एका महोत्सवात त्याचा दिग्दर्शक भेटला. आभार मानेल या अपेक्षेनं मी जरा ताठच उभा होतो. तो म्हणाला, "सर, आम्ही किती हाल काढले ते तुम्ही फार छान लिहिलंत. सिनेमाबद्दल कधी लिहिणार आहात?" तोंडावर चहा ओतल्यासारखं झालं. त्याचं बरोबर होतं. प्रसिद्धीपत्रकातली कहाणी मी माझ्या शब्दांत उतरवून काढली होती.

पैशाचा उल्लेख करूच नये असं नाही. तो पडद्यावर कुठे उमटलाय ते सांगता आलं पाहिजे. शॉन बेकर यांचा 'टँजरीन' (२०१५) आयफोन ५एसवर चित्रित झाला, ही माहिती सगळ्यांनी छापली. पण त्या छोट्या यंत्रामुळे कॅमेरा पात्रांच्या मागे भर रस्त्यात किती जवळून धावू शकला, उन्हाचा तो भडक नारिंगी रंग डोळ्यांवर कसा येतो, हे ज्यांनी लिहिलं त्यांनी परीक्षण लिहिलं. बाकीच्यांनी बातमी दिली.

याच्याही पुढची कसोटी 'स्किनामरिंक'सारख्या सिनेमाची. काइल एडवर्ड बॉल यांनी तो स्वतःच्या लहानपणीच्या घरात, सुमारे १५ हजार डॉलरमध्ये केला. २०२३ च्या सुरुवातीला तो थिएटरांत आला तेव्हा मतं अक्षरशः दुभंगली. कुणाला वर्षानुवर्षांत इतकी भीती वाटली नव्हती, कुणाला दीड तास भिंत बघितल्यासारखं झालं. मजा अशी की दोघंही तेच बघत होते: छताचे कोपरे, जमिनीवर पडलेला टीव्हीचा उजेड, गिजबिजलेलं दाणेदार चित्र, जवळजवळ न दिसणारे चेहरे. माझ्या मते चांगलं परीक्षण ते, जे वाचून एक वाचक म्हणेल 'हे मला बघायचंच आहे' आणि दुसरा म्हणेल 'बरं झालं सांगितलंत, मी जाणार नाही', आणि दोघांचाही अंदाज बरोबर निघेल. तुम्हाला तो आवडला की नाही, हे तर सांगायचंच. पण तुमच्या मताशी न जुळणाऱ्या माणसालाही कामाचं काहीतरी हाती लागलं पाहिजे.

इतरांची मतं कधी वाचायची, हा प्रश्न प्रत्येक नवा विचारतो. माझा नियम साधा आहे: आपला खर्डा पूर्ण होईपर्यंत नाही. टक्केवारीसुद्धा बघायची नाही. परीक्षणं गोळा करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळावरचा आकडा सिनेमा किती चांगला ते सांगत नाही, किती टक्के समीक्षकांचं मत अनुकूल आहे एवढंच सांगतो. साठ किंवा त्याहून जास्त झाला की 'फ्रेश', नाहीतर 'रॉटन'. वीस जणांना सिनेमा 'ठीक, बघायला हरकत नाही' वाटला, तर आकडा शंभर. दहा जणांना तो वर्षातला सर्वोत्तम आणि दहा जणांना असह्य वाटला, तर पन्नास आणि 'रॉटन'. मेटाक्रिटिक या तशाच दुसऱ्या संकेतस्थळावर गुणांची सरासरी असते, तीही भारित. काही प्रकाशनांचं वजन जास्त. वेगळे, अंगावर येणारे सिनेमे टक्केवारीच्या हिशेबात बऱ्याचदा मार खातात. खर्डा झाल्यावर मात्र वाचावं, आणि आपल्याशी न पटणाऱ्यांचं आधी वाचावं. माझे असे दोन समीक्षक ठरलेले आहेत. एकाला विनोद मिसळलेला भयपट सहन होत नाही, दुसरीला संथ काहीही चालतं. त्यांची आवड ठाऊक असल्यामुळे त्यांचं 'वाईट' मला कुणाच्याही 'छान'पेक्षा जास्त सांगतं.

महोत्सवातून येणाऱ्या पहिल्या मतांबद्दल जरा सावध राहा. दिवसाला चार-पाच सिनेमे बघणाऱ्या, झोप न झालेल्या माणसांची ती मतं असतात. पहाटे रांगेत उभं राहून पाहिलेला पाचवा सिनेमा एकतर कलाकृती वाटतो नाहीतर छळ. मीही तिथे असतो तेव्हा असाच असतो.

प्रेक्षकांची मतं हा आणखी वेगळा गुंता. २०१८ च्या 'हेरेडिटरी'ला समीक्षकांनी डोक्यावर घेतलं, आणि पहिल्या दिवशी थिएटरबाहेर प्रेक्षकांकडून श्रेणी गोळा करणाऱ्या सिनेमास्कोरमध्ये त्याला डी-प्लस, म्हणजे जवळजवळ तळाची श्रेणी मिळाली. लोकांना कळलं नाही असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. जाहिरातीनं काय वचन दिलं होतं आणि पडद्यानं काय दिलं, हे तपासलं तर तो डी-प्लससुद्धा बोलका होतो. उलट दिशेचं उदाहरण 'तुंबाड'. २०१८ मध्ये व्हेनिस महोत्सवातल्या क्रिटिक्स वीक या विभागाची सुरुवात त्यानं झाली, पण घरी गल्ला बेताचाच. सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा त्यानं पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमावलं. मधली सहा वर्षं तो एकमेकांना सांगितला जात होता.

माझी सर्वात मोठी चूक मात्र मताची नव्हती, कानाची होती. एका इंडी भयपटाचा स्क्रीनर, म्हणजे समीक्षकांना बघायला पाठवलेली प्रत, मी भर दुपारी लॅपटॉपवर पाहिला. पडद्यावर मधोमध माझ्याच नावाचा वॉटरमार्क, कानात साधे इअरफोन, मधे दोन फोन. लिहिलं: 'थंड, काही घडतच नाही.' पुढे तो थिएटरात पाहिला. पूर्ण सिनेमाच्या तळाशी एक खोल घुमणारा आवाज होता. खुर्चीतून पाठीत शिरत होता. जे 'काही' घडत होतं ते तिथे घडत होतं, आणि माझ्या इअरफोनमधून ते आलंच नव्हतं. तेव्हापासून स्क्रीनर बघायचा तर रात्री, दिवे बंद, फोन दुसऱ्या खोलीत, चांगले हेडफोन. हे जमलं नाही तर काम नाकारतो.

बाकी व्यवहाराचं थोडक्यात. एम्बार्गोची, म्हणजे ज्याआधी परीक्षण छापायचं नाही ती वेळ पाळा, पाच मिनिटांचीही घाई नको. भयपटाच्या परीक्षणात शेवट फोडू नका, आणि 'शेवट विसरणार नाही' असंही लिहू नका, तोही एक स्पॉयलरच. या कामावर घर चालतं असं मानून येऊ नका; बहुतेक जण सोबत शिकवतात, भाषांतर करतात, संपादन करतात. पहिलं काम मागताना प्रसिद्ध सिनेमावरचा लेख पाठवण्यापेक्षा कुणीच न लिहिलेल्या छोट्या सिनेमावरचे दोन लेख पाठवा. संपादकाकडे पहिल्या प्रकारचे ढिगानं असतात.

आणि ओळखीच्या माणसांच्या सिनेमावर लिहू नका. इंडी जग लहान आहे, दोन महोत्सवांत सगळे एकमेकांना नावानं हाक मारू लागतात. त्या साडेतीन ताऱ्यांच्या दिग्दर्शकाशी माझी पुढे चांगली मैत्री झाली. त्याचा दुसरा सिनेमा आला तेव्हा मी संपादकबाईंना तसं सांगितलं आणि तो एका नव्या मुलीकडे गेला. तिनं दोन तारे दिले. मधला अर्धा तास कसा विस्कटलाय, कुठल्या प्रसंगापासून कॅमेऱ्याला काय बघायचं तेच कळेनासं होतं, हे तिनं प्रसंगवार दाखवलं. 'तरीही' कुठेच नव्हतं. रात्री त्याचा फोन आला. चिडलेला होता. तासभर तो तिच्या एकेका मुद्द्याशी भांडत राहिला आणि मी ऐकत राहिलो. फोन ठेवताना म्हणाला, "त्या मधल्या अर्ध्या तासाचं तुलाही तसंच वाटलं का रे?"

मी हो म्हणालो.