सातारा ते सांगली सायकलवरून : गावांच्या गर्दीत या चुका टाळा

पावसाळा सरला की साताऱ्याहून सायकलने सांगलीला निघणाऱ्यांचे फोन सुरू होतात. प्रश्न ठरलेला, "सव्वाशे किलोमीटर झेपेल का?" झेपतं. वाटेत खंबाटकीसारखा घाट नाही, रस्ता बराचसा कृष्णेच्या खोऱ्यातूनच जातो, आणि थोडाफार सराव असला की अंतर आपोआप कापलं जातं. माणसाचा घाम निघतो तो कराड-मलकापूर, इस्लामपूर (आताचं ईश्वरपूर) आणि सांगलीच्या तोंडाशी. पण किलोमीटर मोजत बसणाऱ्यांना हे सांगून पटत नाही.

सुरुवात घड्याळापासून. सकाळी सातला पोवई नाक्यावर जमायचं, फोटो काढायचे, एकजण उशिरा येणार, मग आठला निघायचं. पुढे उंब्रजला मिसळीसाठी तासभर. म्हणजे कराडच्या कोल्हापूर नाक्यावर पोचायची वेळ बरोबर ऐन गर्दीची. एसटी, वडापच्या जीपा, कॉलेजची पोरं, उलट्या बाजूने येणाऱ्या मोटारसायकली, सगळं एकदम अंगावर. त्यात शेंद्रे ते कागल सहापदरीकरणाचं काम निघाल्यापासून वाहतूक कधी कुठून वळवलेली असेल याचा नेम नाही. मी पाचच्या आत सातारा सोडतो, पुढचा-मागचा दिवा लावून, आणि मलकापूर मागे पडेपर्यंत बूड टेकत नाही. तोवर केळं आणि राजगिऱ्याची वडी, तीही उभ्या उभ्या. मिसळ नांदलापूरच्या पुढेही मिळते. महामार्गावर मिसळीचा दुष्काळ पडल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

आता माझ्या डोक्यात जाणारी चूक. नवखा माणूस गर्दी दिसली की आक्रसतो आणि रस्त्याच्या अगदी डाव्या काठावर जातो. त्याला वाटतं, जितकं कडेला तितकं सुरक्षित. प्रत्यक्षात काठावर वाळू असते, काचा असतात, गटाराची झाकणं असतात, उभ्या गाडीचं दार कधीही उघडतं. आणि तुम्ही एवढी जागा सोडलीत म्हटल्यावर मागचा कारवाला तेवढ्यातूनच घुसतो.

एका मित्राचा भाचा आमच्याबरोबर आला होता. सायकल नवी, पाय दणकट, सल्ला ऐकायची तयारी शून्य. आष्ट्याच्या अलीकडे काँक्रीट नवंनवं होतं आणि बाजूचा मुरूम भरायचा राहिला होता. म्हणजे काँक्रीट संपलं की खाली सरळ वीतभर पायरी. हा त्या काठाला चिकटून चाललेला. मी दोनदा ओरडलो, "अरे, आत घे." "काका, मागून ट्रक येतायत ना!" एका ट्रकने लांबलचक हॉर्न दिला, हा दचकून आणखी डावीकडे सरकला आणि पुढचं चाक मुरमात उतरलं. इथवर काही बिघडलं नव्हतं. पण त्याने तसंच हँडल उजवीकडे ओढलं. टायर काँक्रीटच्या कडेला घासत राहिला, वर चढेना, आणि सायकल तिथेच आडवी होऊन पोरगं उजव्या अंगावर थेट रस्त्यात. मागे दुधाची पिकअप होती. ड्रायव्हरने कचकन ब्रेक दाबला, मागचे कॅन एकमेकांवर आदळल्याचा आवाज आला. तो खाली उतरला, पोराला धरून बाजूला बसवलं आणि म्हणाला, "खाली गेलास तर खालीच ऱ्हायचं की. वर कशाला आलास?" कॉलरबोन मोडलं होतं.

त्या ड्रायव्हरइतकं नेमकं मला सांगता येणार नाही. चाक काठाखाली उतरलं तर हँडल सरळ ठेवा, पॅडल थांबवा, वेग मरू द्या, उतरा, सायकल उचलून वर घ्या. अर्धा मिनिट जातो. चालत्या सायकलवर तिरपं चढू नका. मुळात काठापासून हातभर आत चालवा. महामार्गावर पांढऱ्या पट्टीच्या डावीकडे डांबरी पट्टा असेल तर त्याच्या मधोमध. गावात रस्ता अरुंद झाला की मी मागे वळून बघतो, उजवा हात दाखवतो आणि लेनच्या मध्यावर येतो. मागचे हॉर्न वाजवतात. वाजवू देत, हॉर्न वाजवला म्हणजे त्याला तुम्ही दिसलात.

ऊस. गळीत हंगाम सुरू झाला की या पट्ट्यात दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर रात्रंदिवस चालतात. शेंद्र्याला अजिंक्यतारा, साखराळ्याला राजारामबापू, सांगलीत वसंतदादा, म्हणजे साखर कारखाने जवळपास अख्ख्या वाटेवर. ड्रायव्हरने टेप मोठ्याने लावलेला असतो, तुमची घंटी त्याला ऐकू जाणं शक्य नाही. ट्रॉलीच्या डावीकडून कधीही पुढे जाऊ नका. ट्रॅक्टर वळला की मागची ट्रॉली त्याच्या मागोमाग जात नाही, आतून कापत येते, आणि आत तुम्ही असता. बाहेर आलेली उसाची टोकं हातावर फटकारतात ते वेगळंच. वारा लागू नये म्हणून ट्रॉलीच्या मागे चिकटून जाणारे, किंवा ट्रॉलीची साखळी धरून स्वतःला फुकट ओढून घेणारे महाभागही पाहिलेत. त्यांना घरापासूनच ट्रॉलीत बसवून पाठवावं. मी थांबतो, पाणी पितो, ट्रॅक्टर लांब जाऊ देतो.

पुन्हा पुन्हा पंक्चर होत असेल तर ट्यूबला दोष देऊ नका. महामार्गाच्या कडेला फुटलेल्या ट्रकच्या टायरांचे तुकडे पडलेले असतात, त्यांतली केसाएवढी पोलादी तार तुमच्या टायरमध्ये शिरते आणि नवी ट्यूबही भोसकते. बोटाला ती लागत नाही. टायरच्या आतून कापसाचा बोळा सावकाश फिरवा. जिथे तंतू अडकेल तिथे तार. चिमट्याने उपटा, मगच ट्यूब घाला. चिमटा नसेल तर नखं तुटेपर्यंत बसा. व्हॉल्व्ह बारीक तोंडाचा असेल तर पितळी अडॅप्टर खिशात ठेवा, नाहीतर गावातल्या पंक्चरवाल्याचा पंप असून नसल्यासारखा. पेट्रोल पंपावरच्या हवेने घाईघाईत ट्यूब फोडून घेऊ नका.

कानात इअरफोन नको. सिग्नलला थांबायच्या आधी गिअर हलका करा, थांबल्यावर नाही. उजव्या हँडलला आरसा लावा, तो कसा दिसतो याची चर्चा घरी करा.

शेवटचा टप्पा लोक सर्वांत जोरात मारतात, कारण सांगली "आलीच" असते. पाय दमलेले, डोकं त्याहून दमलेलं, आणि समोर आयर्विन पूल, टिळक चौक, संध्याकाळची बाजारपेठ. मी कसबे डिग्रजला पंधरा मिनिटं थांबतोच, भूक असो नसो काहीतरी खातो, ब्रेक दाबून बघतो, दिवे पुन्हा लावतो. पुलाशी वाहनं चिकटून उभी असतील तर खाली उतरायचं आणि कडेने सायकल ढकलत न्यायची. पुढे विश्रामबाग किंवा मिरजेला जायचं असेल तर रस्ता आधीच कुणाला तरी विचारून ठेवा, चौकाच्या मधोमध मोबाइल काढून नकाशा बघत उभे राहू नका.